लँकेस्टरकडचे वाळिंबे

वाळिंबेकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. भाड्याच्या हॉलच्या किचनबाहेर ते कागदी बशीत एक चकली घेऊन उभे होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "तुम्ही कुणाकडचे?"

हा प्रश्न माझ्या फार आवडीचा. मी लगेच सांगितलं, आम्ही मूळचे वाईकडचे, घराण्यात सरदारकी होती, खापरपणजोबांची तलवार अजून चुलत्यांकडे आहे.

"असं," काका म्हणाले. "मी लँकेस्टरकडचा. बायको यॉर्ककडची. पण आम्ही निभावून नेलं."

पलीकडे सुमनकाकू चहा ओतत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "निभावलं कुणी ते विचारा."

काका मिरजेचे. तरुणपणी इथल्या एका मोटार कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी एका जुन्या चर्चमध्ये शनिवारचं काम पत्करलं. खिडक्यांच्या रंगीत काचांवर राजघराण्याच्या ढाली, म्हणजे कुलचिन्हं होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगायची. पगार नाही. गळ्यात बिल्ला, आणि चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या मार्गारेटबाईंच्या हातचा केक. मध्ययुगातले इंग्लंडचे राजे काकांच्या लेखी इतिहासात नव्हतेच, शेजारच्या गल्लीत राहत होते. "एलेनॉर राणी, बाई खमकी. नवऱ्याविरुद्ध पोरं उठवली," असं ते आत्ताच तिच्याकडून चहा घेऊन आल्यासारखं सांगत.

शंभर वर्षांचं युद्ध ते चहा निवायच्या आत संपवायचे. "तिसऱ्या एडवर्डची आई फ्रान्सची. मामा एकामागून एक गेले, मागे मुलगा नाही. हा म्हणाला, आजोळची इस्टेट माझी. तिकडचे म्हणाले, मुलीच्या मुलाला मिळत नसते. झालं. मिरजेत असलं प्रकरण दिवाणी कोर्टात चाललं असतं, यांनी मैदानात चालवलं." मग काचेवरच्या ढालीकडे बोट. "बघा, चार घरं केलीत. मानाच्या पहिल्या घरात फ्रान्सची लिली, आणि स्वतःचे सिंह बसवले दुसऱ्या घरात. इस्टेट हाती यायच्या आधीच गडी लेटरहेड छापून मोकळा."

पण त्यांचं खरं वाक्य दुसऱ्या रिचर्डपाशी यायचं. "याला मूल नव्हतं. चुलतभावानं गादी बळकावली आणि तिथून लँकेस्टर विरुद्ध यॉर्क अशी भावकी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना कापत सुटली. एक दत्तक घेतला असता तर सगळं वाचलं असतं. पण यांच्यात दत्तक नाही. रक्त पाहिजे. मग मिळालं रक्त."

त्यांच्या घरी गप्पा रंगून हे वाक्य आलं, की सुमनकाकू रिकामे कप उचलून आत जायच्या. मला वाटे, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील.

काकांचा हात ड्रॉइंगचा. ते लाकडी फळीवर ढाली रंगवतात हे कळल्यावर मंडळात साथ पसरली. ज्याला त्याला कुलचिन्ह हवं झालं. सगळ्यांना सिंहच हवा. एक बँकवाले गृहस्थ तर दोन सिंह आणि वर गरुड म्हणत होते. काकांनी विचारलं, "घराण्यात कोण काय करत होतं?" बरीच टाळाटाळ झाल्यावर कळलं की आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. काकांनी निळ्यावर चांदीची दौत आणि बोरू काढून दिला. अतिशय देखणा. गृहस्थांनी तो खालच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये लावला. काकांना कळलं तेव्हा म्हणाले, "इथले साहेबही मानाच्या वस्तू तिथेच लावतात. माणूस बरोबर रुळला."

मी तलवार मागितली होती. काका म्हणाले, "तलवार कुणी पाहिली आहे?" मी म्हटलं, चुलत्यांनी. "आणि चुलत्यांना कुणी पाहिलंय?" माझी ढाल तशीच राहिली.

आता जे कधी बोललो नाही ते लिहितो. त्याशिवाय काकांविषयी लिहिणं म्हणजे त्यांच्या फळीवर खोटा सिंह काढणं होईल.

माझी मुलगी सई आम्ही पुण्यातल्या एका संस्थेतून घरी आणली, ती काही महिन्यांची असताना. ती चालायला लागली तेव्हा मला इथे विमा कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही आलो. इथे कुणाला माहीत नव्हतं. सांगायचं कधी, यावर मी आणि बायको नीलिमा पुष्कळ बोललो. ती म्हणायची आत्ता, मी म्हणायचो थोडी मोठी होऊ दे. सई मोठी झाली, युनिव्हर्सिटीत गेली, फिजिओथेरपिस्ट झाली, आणि मी थांबलेलाच. नुसतं थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी पुढे गेलो. सईचं नाक सरळ, तरतरीत. कुणी वाखाणलं की मी म्हणायचो, "खापरपणजोबांचं आहे. सरदारी नाक." हे मी इतकी वर्षं म्हटलं, की शेवटी ते मला दिसायला लागलं.

सईनं टॉमशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला. अडचण त्याच्या वडिलांची. डेव्हिड बेसिंगस्टोकला एका बिझनेस पार्कात मॅनेजर, आणि छंद वंशावळीचा. तो म्हणे तिसऱ्या एडवर्डचा वंशज होता. लग्नाची भेट म्हणून त्याला दोन्ही घराण्यांचं झाड करायचं होतं, आणि त्यासाठी सगळ्यांची थुंकी डीएनए तपासायला प्रयोगशाळेत पाठवायची होती. पूर्वी सोयरीक जुळवताना पत्रिका मागायचे.

माझी झोप उडाली. मी काकांकडे गेलो. सुमनकाकू तोवर वारल्या होत्या. खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, "काका, आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात तशी करा. एडवर्डच्या घराण्यात जे जे वाईट आहे ते त्यांच्यासमोर मांडा. पूर्वजांचं नाव काढायची लाज वाटली पाहिजे त्यांना."

"वाईटच आहे सगळं," काका म्हणाले. "त्यातून वेगळं काय काढू?"

रविवारी काकांना घेऊन जेवायला बेसिंगस्टोकला गेलो. डेव्हिडच्या दारातच आडनावाची ढाल टांगलेली, कुठल्याशा जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेली. काकांनी चष्मा पुसून ती पाहिली. "सुंदर. कुणाची?"

"आमची," डेव्हिड म्हणाला.

"ढाल आडनावाची नसते, माणसाची असते. ही ज्याची आहे तो तुम्हाला ओळखत नसावा."

डेव्हिड इतक्या मोठ्यानं हसला की कुत्रा उठून आत गेला. मला वाटलं, सुरुवात चांगली झाली.

जेवताना काकांनी चौकशीचा निकाल ठेवला. एडवर्डच्या बापाला बायकोनंच गादीवरून उतरवलं. सहावा हेन्री महिनोन्‌महिने माणसं ओळखत नव्हता, ते वेड आईच्या माहेरून आलं. एका राजानं सख्ख्या भावाला म्हणे दारूच्या पिंपात बुडवलं. तिसऱ्या रिचर्डचे पुतणे किल्ल्यात गेले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. काका एकेक वाढत होते आणि मी डेव्हिडच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो उजळत चालला होता.

"ते वेड आमच्यापर्यंत आलं असेल का?" त्यानं आशेनं विचारलं.

"तुझ्या बहिणीकडे बघ," त्याची बायको बटाटे वाढत म्हणाली.

अशा घरात आपल्याकडे मुलगी देत नाहीत. तिथे ही माहिती पाहुण्यांना पुडिंगबरोबर देतात. माझी सगळी युक्ती त्यांच्या अभिमानात जाऊन बसली. खूश होऊन डेव्हिड उठला आणि थुंकी भरायच्या आमच्या नळ्या घेऊन आला, प्रत्येकाच्या नावाची एक.

"मला सर्दी आहे," मी म्हटलं.

"सर्दीनं वंश बदलत नाही," काका मराठीत पुटपुटले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, की आमच्यात अशी कामं घरी, सावकाश करतात. नळ्या पिशवीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते टेबलावर वाकून एका ढालीवर पांढरी पट्टी काढत होते, खाली तीन दात असलेली. बाप जिवंत असेपर्यंत थोरल्या मुलाच्या ढालीवर ही खूण असते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नीलिमाशिवाय पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. तिसरा दात पुरा होईपर्यंत काकांनी ब्रश उचलला नाही.

"मग ते नाक?"

"नाक तिचं तिचं आहे, काका."

"बरं झालं. चांगलं नाक आहे."

मग त्यांनी ब्रश धुतला. बराच वेळ धुतला. "सुमनला आणायचं होतं," ते म्हणाले. "मिरजेच्या दवाखान्यात एक मूल होतं. माझे वडील म्हणाले, परकं रक्त घरात नको. मी गप्प राहिलो. लोकांना सांगायचो, वडिलांपुढे बोलायची पद्धत नव्हती. खरं म्हणजे मलाही तेच वाटत होतं. रक्त पाहिजे." त्यांनी ब्रश फडक्यावर टिपला. "ती कप उचलून आत का जायची, ते तुला कधी कळलं नाही. तू निदान आणलंस. मग लाज कसली धरतोस, आणल्याची?"

"आणल्याची नाही," मी म्हटलं. "नाकाची."

"ती धर. ती बरोबर आहे."

निघताना मी विचारलं, काही करता येईल का, धर्मात बसत नाही असं डेव्हिडला सांगता येईल का. काका म्हणाले, "धर्मात थुंकीबद्दल काही नाही. आणि मी खोट्या ढाली काढत नाही. तुझी काढतो, ये." मग त्यांनी मला एक सांगितलं. जुन्या राजांच्या वेळी नव्हतं, पण आता इथे दत्तक मुलाला बापाची ढाल मिळू शकते. राजाची परवानगी काढावी लागते, आणि ढालीवर एक खूण घालावी लागते. साखळीच्या दोन कड्या, एकमेकींत अडकवलेल्या. "एवढी कत्तल करून शेवटी आले आपल्या वाटेवर," काका म्हणाले. "पण आधी तिला सांग. मग रंगवू."

मी म्हटलं, सांगतो. आणि पुन्हा थांबलो. फेब्रुवारीत काका गेले. अंत्यसंस्काराला मार्गारेटबाईंनी पेटीवर दोन गुलाब ठेवले, लँकेस्टरचा लाल आणि यॉर्कचा पांढरा. म्हणाल्या, "एकटा लाल ठेवला तर सुमन मला सोडणार नाही." मग त्यांनी माझ्या हातात भांडी पुसायच्या टॉवेलात गुंडाळलेली एक फळी दिली. "तो म्हणाला होता, याच्यातलं थोडं काम तुझ्याकडे राहिलंय."

लाल ढाल. तलवार नाही. मधोमध चांदीची चालती बस, कारण सई आम्ही बसमधून घरी आणली हे मी त्या दिवशी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. वर दोन कड्या, पेन्सिलीनं आखलेल्या, कोऱ्या.

त्याच आठवड्यात सईला बोलावलं. स्वयंपाकघरात, नीलिमा शेजारी असताना सांगितलं. तिचं मराठी इथलं, रागात आणखी तुटतं. पहिला प्रश्न विचारला तो हा:

"माझी नाव कुणी ठेवली?"

"आईनं. बसमध्ये. स्टॉप यायच्या आत."

ती उठून गेली. कित्येक आठवडे माझा फोन घेतला नाही. नीलिमाचा घ्यायची. तिच्याकडून कळलं की दत्तक असण्याचा राग नव्हताच. "बाबा लोकांना नाकाचा खोटं सांगत होता," ती म्हणाली होती, "आणि मी तिथेच उभी असायची."

एका रविवारी ती आणि टॉम आले. "तो बोर्ड कुठे आहे?" तिनं विचारलं. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसली. सोनेरी रंग टॉमनं आणला होता. एका कडीचा रंग रेघेबाहेर गेला. काकांना चाललं नसतं, पण मी काही बोललो नाही. ब्रश धुऊन झाल्यावर ती म्हणाली, "माझी नळी दे. मला पाहायचंय." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "तू पण दे. सर्दी गेली ना?"

लग्नात ढाल दारात ठेवली होती. डेव्हिडनं कड्यांचा अर्थ विचारला, सईनं सांगितला. "रोमन सम्राटांसारखं! तेही वारस दत्तक घ्यायचे!" तो म्हणाला आणि पाहुण्यांना एकेक करून सांगत सुटला. इतकी वर्षं मी दाबून ठेवलेली गोष्ट त्यानं केक कापायच्या आत सगळ्या हॉलभर केली, आणि लोक बसचंच कौतुक करत होते. मंडळाच्या एक काकू मात्र उशिरा आल्या. सईकडे पाहून म्हणाल्या, "नाक अगदी तुमच्या खापरपणजोबांचं हो." सई माझ्याकडे बघत राहिली.

"नाही," मी म्हटलं. "तिचंच आहे."

आता शनिवारी त्या चर्चमध्ये मी उभा असतो. काकांचा बिल्ला माझ्या गळ्यात, फक्त नाव बदललेलं. परवा एक म्हातारे गृहस्थ आले होते. त्यांना लिली दाखवली, सिंह दाखवले, आणि दुसऱ्या रिचर्डपाशी येऊन मी काकांचं वाक्य म्हटलं, की एक दत्तक घेतला असता तर सगळं वाचलं असतं.

"तुम्हाला मुलं?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी," मी म्हटलं. "दत्तक आहे." अनोळखी माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होतो.

गृहस्थांनी मान डोलावली, काचेकडे आणखी एकदा पाहिलं, आणि टॉयलेट कुठे आहे ते विचारलं.