घाटघरच्या कपारीतलं पातं

सरांनी ते दगडी पातं दरीत भिरकावलं, त्या दुपारी माझं कॉलेज संपलं.

मागच्या आठवड्यात सर गेले.
सगळ्यांच्या वॉलवर सरांचे फोटो. हॅट, हातात ब्रश, हसरा चेहरा.
मला रडू नाही आलं. खोटं कशाला लिहू?

घाटघरच्या वरच्या अंगाला एक कपार आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथं शिकारी माणसं मुक्कामाला असणार, असं सरांना वाटायचं. म्हणून आमचा आर्किऑलॉजीचा कॅम्प तिथं लागला.
मातीशिवाय काही निघेना.
खणायला येणारे गावातले सोमाभाऊ म्हणायचे, "पावणं, एवढ्यात आमची हीर झाली असती. पाणी तरी लागलं असतं!"

कॅम्पवर एक जुनी खोड होती. गारगोटी फोडून आदिमानवासारखी पाती बनवायची आणि एखादं नव्या पोराच्या खड्ड्यात पुरून ठेवायचं. त्याला "शोध" लागला की चहाच्या वेळी हसून लोळायचं.
सरही हसायचे.

पाती बनवण्यात माझा हात सगळ्यांत साफ.
माझ्या वर्गातली मेघा म्हणायची, "तू चुकून या काळात जन्मलास रे."
त्या एका वाक्यावर मी अख्खं वर्ष काढलं.

मग एक दिवस आमच्या दोघांच्या खड्ड्यात, कुणी कधी न उकरलेल्या घट्ट थरात, एक पातं दिसलं. करंगळीएवढं. अर्धं अजून मातीतच.
मेघानंच ब्रशनं माती झाडली.
"खरंय हे," ती कुजबुजली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

मी ओरडून सरांना बोलावलं.
सरांनी पातं काढून उन्हात धरलं. "ही धार कालची आहे. परत तुझी कारागिरी?"
"नाय सर, आईशप्पथ!"
पोरं फिदीफिदी हसायला लागली.
"मेघा, मातीतून निघताना तू पाहिलंस?"

मेघाला पुढं सरांकडेच पीएचडी करायची होती.
"माझं लक्ष नव्हतं, सर."

भिरकावलं. खाली कोकण. शोधणार कुठं?

मी बॅग उचलली ती थेट राजुरीला, घरी.
वडील म्हणाले, "दगडंच फोडायची व्हती, तर आपल्या रानात काय कमी हायेत?"

पुढं सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, कपारीत वस्तीचा पुरावा नाही.
कुणीतरी तिथं मांडी घालून ते पातं घडवलं होतं राव. माझ्यावरच्या रागापायी सरांनी त्या माणसाचं असणंच पुसलं.

आज डिपार्टमेंटमध्ये शोकसभा होती. गेलो. का गेलो? मेघा येणार होती म्हणून, दुसरं काय.
आता ती मॅडम आहे. माईकवर म्हणाली, "सरांनी आम्हाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवलं."

नंतर माझ्याजवळ आली. "बरं झालं आलास. अजून चिडलायस?"
"तू पाहिलं होतंस की नव्हतंस?"
"सर गेलेत रे. आता काय फरक पडतो?"
"मला पडतो."
ती पर्समध्ये मोबाईल शोधायला लागली.

लई वर्षं थांबलो होतो त्या उत्तरासाठी. मिळालं.

सर, श्रद्धांजली. त्याच्या आधी 'भावपूर्ण' लिहायला हात उचलत नाही.

मी हॉलच्या बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.