जयसिंगरावांचं मोकळं रान

न्हावऱ्याचे चांगदेव आबा माझे शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, सायकल त्यांच्याहून थोडीच तरुण. मी कारेगावच्या कंपनीत. पोट सुटायला लागलं म्हणून गिअरची सायकल घेतली आणि रविवारी दौंडपर्यंत जाऊन येणार, असं गल्लीभर सांगत सुटलो. त्या पहाटे बघतो तर आबा कॅरिअरला घोंगडी बांधून तयार. दौंडच्या अलीकडे जयसिंगरावांची वस्ती आहे, तिथे त्यांना जायचं होतं. माफी मागायला.

पूर्वी आबांची दोनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप भीमेपलीकडे निघायचा आणि जयसिंगरावांच्या रानात आठ दिवस बसायचा. लेंड्यांचं खत रानाला, बाजरीचं पोतं आबांना. कागद नाही, फोन नाही, नुसता शब्द. बारा वर्षांपूर्वी आबांनी कळप विकला, विहीर पाडली, कांदा केला आणि या सगळ्या धांदलीत जयसिंगरावांना कळवायचं राहून गेलं. त्यांनी मात्र आबांची वाट बघत हंगाम सरेपर्यंत रान मोकळं ठेवलं. पेरलंच नाही. हे पुढे कानावर आल्यापासून आबांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

माझ्या डोक्यावर हेल्मेट, मोबाइलवर वेगाचा आकडा. आबा मात्र दर दोन-तीन मैलांवर खाली उतरायचे. इथं पहिला मुक्काम, इथं कोकरू झालं, इथं लांडगा आला. बोट दाखवतील तिथे ऊस नाहीतर मंगल कार्यालय. मी चिडायचो, पुढे जायचो, पुन्हा थांबायचो. भीमेचा पूल ओलांडल्यावर ते एका पेट्रोल पंपाशी उभे राहिले ते हलेचनात. तिथे त्यांच्या पत्नी रतनबाई तीन दगडांवर भाकरी करायच्या, थोरला लेक पाठीला बांधून. रतनबाई जाऊन पाच वर्षं झाली. मला फार वाईट वाटलं. या रस्त्यानं मी शंभरदा गेलो असेन आणि मला दिसले ते फक्त खड्डे.

जयसिंगराव ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी आबांना लगेच ओळखलं, पण उठले नाहीत. वाटेत पाठ केलेलं आबा सगळं विसरले.

"चुकलं माझं, आण्णा. सांगाया पायजे हुतं."

जयसिंगरावांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"रानाचं काय न्हाई, एक साल गेलं," ते म्हणाले. "मला वाटलं, तूच गेलास. मेंढरं इकलीस ती इकलीस, चांगदेवा. वाट बी इकलीस का?"

आबा टॉवेलात तोंड घालून रडले. मी उगीच चेन तपासत बसलो.

जेवणं झाली. निघताना जयसिंगरावांनी अर्धं पोतं बाजरी स्वतःच्या हातानं आबांच्या कॅरिअरला आवळली. मेंढरं बसली नाहीत तर बाजरी कशाची, म्हणून आबांनी बराच वाद घातला. जयसिंगरावांनी दोरीला आणखी एक गाठ मारली. गावची शीव ओलांडेपर्यंत आबा सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले.

यंदा दिवाळी सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दात घासत बाहेर आलो. आबांच्या ओसरीवर सायकल नव्हती, घोंगडीही नव्हती. मला न उठवताच ते निघून गेले होते.