कंटोळीवाला तात्या

२०२३ साल. माझं वय एकोणसत्तर. त्या वर्षीच्या श्रावणात टोकावड्याच्या तात्याशी माझं बोलणं तुटलं. तरी सांगतो, वेलावर त्याच्याएवढी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तात्या वेलाला हात लावायच्या आधी हात धुवायचा, जेवायला बसताना धुतात तसे, पार कोपरापर्यंत. कल्याणला इमारती रंगवण्यात त्याचा जन्म गेला. बायको गेल्यावर गावी आला तो रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन. त्यांच्या तळाला भोकं पाडली, माती भरली आणि ओट्याभोवती कंटोळीचे वेल चढवले. पावसाळ्यात रानात मिळणारी भाजी दारात लागते म्हणून लोक बघायला यायचे, ओट्यावर बसायचे, चहा पिऊन चार कंटोळी घेऊन जायचे.

मीही जायचो. पाय मोडल्यापासून सिद्धगडाकडचं रान मला बंद झालं. तोवर हंगामाची पहिली कंटोळी मी रानातून आणायचो, गावाला माझ्या घरून जायची, आता मीच दुसऱ्याच्या टोपलीकडे बघायचं? ते माझ्याने होईना. तात्याने सात कंद दिले.

"लाव दारात. पण सुतळीनं आवळू नको. जुन्या धोतराची चिंधी घे, आत बोट जाईल अशी ढिली बांध. आन् पाणी किती घालू ते मला नको इचारू. मातीत बोट घाल, तिला इचार."

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण तात्याचं हे पाठ केलं. सात बादल्या, शेणखत, बांबूचा मांडव. आणि गावात सांगूनही टाकलं, की यंदा कंटोळी माझ्या दारातून न्या. वेल कौलांवर गेले. पिवळी फुलं बक्कळ. फळ एक नाही.

"पयलं वरीस हाय, धीर धर," तात्या म्हणाला. "येत जा, सांगत जा."

पावसाळाभर दर रविवारी एसटीने जाऊन सांगत राहिलो. दुसऱ्या वर्षीही नुसती फुलंच. शेजारचा बाळू रोज विचारी, "काका, फुलांची भाजी कशी लागते वो?"

मग एक दिवस रानभाजी विकणारी सगुणा दारात थांबली. एकेका वेलाचं फूल उलटं करून बघितलं. "बाबा, सातीच्या साती नर हायत. मादीच्या फुलामागं बारकं कंटोळं असतं. कुणी दिलं तुमाला?"

मी नाव सांगितलं नाही. दुपारच्या गाडीने टोकावड्याला गेलो. तात्याच्या वेलांना कंटोळी लोंबत होती.

"तुला ठावं होतं?"

"होतं. बियातून जादा नर उगवतात, ते मी काढून टाकतो. तेच दिले तुला."

"का रे?"

त्याने मान वर केली नाही. "तुझ्या दारात कंटोळी लागली असती, तर तू माझ्याकडं कशाला आला असतास?"

दोन वर्षं त्याच्या शब्दावर मी गावात हसं करून घेतलं. कंद न देता नुसतं ये म्हणाला असता तरी रोज गेलो असतो. हे मी त्याला बोललो नाही, बोलणारही नाही.

"रविवारी येशील ना रे?" पाठीमागून विचारलं त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही कंद उपटले, धुऊन पिशवीत घातले आणि पहिल्या गाडीने नेले. तात्याचं दार लोटलेलं होतं. पिशवी ओट्यावर ठेवली. आतून आवाज आला, "कोण हाय रे? बस, चाय ठेवतो." पाय ओढत स्टँडवर आलो आणि घराकडे जाणारी मुरबाडची गाडी धरली.