पट्टी पास, रोल पास

लीलाधर कागद कारखान्याच्या तपासणी-खोलीत चोवीस वर्षं होता. काम एकच. प्रत्येक रोलची बोटभर पट्टी कापायची, दोन्ही टोकं मशीनच्या चिमट्यांत अडकवायची, ताण द्यायचा आणि काट्याचा आकडा वहीत लिहायचा. पट्टी पास, तर अख्खा रोल पास. मी शेजारच्याच टेबलावर होतो म्हणून सांगतो, त्याने रोलकडे कधी मान वळवून पाहिलं नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्ही दोघं बुऱ्हाणपुरात राहायला आलो, तरी गड्याची खोड गेली नाही. गल्लीतल्या पोरांचे प्रवेश परीक्षेचे मार्क विचारायचे आणि कॉलेजात कोण टिकणार, कोण परत येणार, हे ओट्यावर बसूनच सांगून मोकळं व्हायचं. मला त्याचा भारी राग यायचा. मग त्याच्या पोरीला, वैजयंतीलाच अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल मिळाले. स्कोअरकार्ड लॅमिनेट करून त्याने देवघराशेजारी लावलं आणि ती इंजिनिअरिंगला इंदूरला गेली.

संक्रांतीला आली तेव्हा ती गप्प गप्पच होती. पहिल्या सेमिस्टरचा निकाल अडकलाय म्हणाली. होळीला आलीच नाही. माझी पूनम तिच्याच होस्टेलात आहे. काल दुपारी तिचा फोन आला, "बाबा, वैजू दोन पेपरला बसलीच नाही. मेसला पण येत नाही. काकांना सांगा ना, मला डर वाटून राहिला."

मी तसाच चपला घालून लीलाधरकडे निघालो. ऐकून लीलाधर चक्क हसला. "अरे भाऊ, अठ्ठ्याण्णव आहेत तिचे! मशीन कधी झूठ बोलते का?"

माझं डोकंच फिरलं. "आपल्या मशीनचा काटा कधी थांबायचा रे?"

"पट्टी तुटली की. त्याशिवाय आकडा येतो का?" तो सवयीने म्हणाला.

आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने वैजयंतीला फोन लावला. तीनदा रिंग वाजून वाजून बंद झाली. मग मी पूनमला फोन करून वैजूच्या खोलीशी पाठवलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. दारावरची थाप ऐकू आली. पुन्हा थाप. "वैजू, दरवाजा खोल ना!" लीलाधरने माझं मनगट धरलं.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, इतका बारीक की आम्ही दोघं फोनवर वाकलो.

"पूनम, बाबांना नको सांगू. मी अठ्ठ्याण्णववाली नाही राहिली."

लीलाधरने तिला हाक मारली. दोनदा मारली. कडी निघाल्याचा आवाज काही आला नाही.