कोलंबोहून सुरू होणारं तिकीट

“आपल्या नावावर दुसरं माणूस आत नेता आलं, तरच ते नाव काही कामाचं,” असं कदिरवेलू एकदा म्हणाला होता. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समधल्या आमच्या कॉफीच्या दुकानात, थोसै, म्हणजे डोसा, चटणीत बुडवता बुडवता. आम्ही हसलो होतो.

चौतीस वर्षं तो रेल्वेच्या भांडारात कारकून होता. आजोबा जाफन्याहून मलायात रेल्वेच्या नोकरीला आले, बापानं तेच केलं, यानंही. निवृत्त झाला त्याच वर्षी बायको गेली. घरात तो आणि मुलगी यालिनी उरले, आणि दोघांना एकमेकांशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं. तेव्हा त्याला विमानाच्या पॉइंटांचा नाद लागला.

नाद दुकानात जमणाऱ्या आम्हा बाकीच्या तिघांनाही होता, पण आमचा दुकानापुरता. त्याचा हाडापर्यंत गेला. विमानातल्या बिझनेस क्लासच्या खुर्चीला पॉइंट भरपूर मिळतात. तीच खुर्ची क्वालालंपूरहून घेतली तर परवडत नाही. तिकीट कोलंबोहून सुरू केलं तर तिसऱ्या हिश्शात मिळते. म्हणून कदिर स्वस्तातल्या विमानानं कोलंबोला जायचा, विमानतळाच्या बाकावर रात्र काढायचा, सकाळी तिथल्याच प्रसाधनगृहात दाढी करून बिझनेसमध्ये बसायचा आणि स्वतःच्याच गावावरून पुढे तोक्योला जायचा. तोक्योत उतरायचा, तासाभरानं त्याच विमानात परत चढायचा. हवाई सुंदरी ओळखीचं हसायची. ते हसू तो आठवडाभर पुरवायचा.

अकरा वेळा तो कोलंबोला गेला. आजोबांचं गाव तिथून दिवसभराच्या अंतरावर. एकदाही गेला नाही. “तिथं जाऊन पॉइंट मिळत नाहीत,” म्हणायचा. हे तो विनोदानं म्हणतो की नाही, आम्हाला कधी कळलं नाही.

यालिनीच्या पदवीदानाच्या दिवशी तो समुद्रावर कुठेतरी तेहतीस हजार फुटांवर होता. ते तिकीट बदलता येत नव्हतं. मुलीनं मैत्रिणीच्या आईवडिलांबरोबर फोटो काढला.

इतकं करून विमान कंपनीच्या दफ्तरी त्याचा दर्जा सिल्व्हर. सिल्व्हरला काही नसतं. बिझनेसचं तिकीट असलं की विमानतळावरच्या लाउंजमध्ये, फुकट खाण्यापिण्याच्या त्या खास दालनात, स्वतःपुरतं जाता येतं. बरोबर एक माणूस न्यायचं तर गोल्ड लागतं. यंदा गोल्डला शंभर पॉइंट कमी होते. त्यात यालिनीचं लग्न ठरलं. मुलगा निरोशन, मेलबर्नला इंजिनिअर. ती कायमची जाणार.

“जायच्या दिवशी तिला मी आत नेणार,” कदिर म्हणाला. “माझी पाहुणी म्हणून.”

आमच्यातला चोंग म्हणाला, “मुलगी जन्माची चाललीय आणि तू तिला फुकटचे नूडल्स घालणार? हॉटेलात ने की लेका!”

“हॉटेलात पैसेवाला कुणीही नेतो.”

त्यानं तिकीट घेतलं. तोक्योपर्यंत जाऊन घरी परत येईतो एकशेवीस पॉइंट. कोलंबोहून निघालेलं तिकीट कोलंबोलाच संपतं; घरून तिथं जायचा तो शेवटचा टप्पा त्यानं मुद्दाम यालिनीच्या जाण्याच्या दिवशी ठेवला, म्हणजे त्या दिवशी त्यालाही आत शिरता येईल. तेच तिकीट मीही घेतलं. पण निघायची तारीख अठ्ठावीस, आणि मुलाकडच्यांनी पोन्नुरुक्कु काढलं नेमकं अठ्ठावीसला. ताळीसाठी, म्हणजे मंगळसूत्रासाठी, सोनं वितळवायचा विधी. मुलाच्या घरी होतो, नवरी तिथं जात नाही. बाप गेला नाही तर लोक बोलतात, पण नवरीला दिसत नाही.

“तुझ्या जागी तिच्या काकाला पाठव,” चोंग म्हणाला. “तुझा हातखंडा आहे त्यात.”

कदिरनं कप बाजूला सारला. मग त्यानं दंड भरून तारीख बदलली, पुढच्या महिन्याच्या सहाला टाकली. आयुष्यात पहिल्यांदा. मीही बदलली.

एक तारखेपासून स्वस्त बिझनेसचे पॉइंट निम्मे होणार, असं विमान कंपनीचं पत्र आम्हाला आधीच आलं होतं. चौघांनी ते टेबलावर वाचलं होतं. जन्मभर सरकारी परिपत्रकं वाचलेली माणसं आम्ही. तिकीट आधीचं आहे, आपल्याला लागू नाही, म्हणालो आणि कॉफी मागवली. हिशेब उड्डाणाच्या दिवसाचा धरला जाईल, हे अगदी तळाला लिहिलं होतं. तिथपर्यंत कुणी गेलंच नाही.

लग्न झालं, तोक्योही झालं. जायच्या दिवशी कदिर इस्त्रीचा शर्ट घालून आला. बरोबर यालिनी, निरोशन, आणि त्याच टप्प्याचं तिकीट असलेला मी. लाउंजच्या काउंटरवर त्यानं दोन बोर्डिंग पास ठेवले, आपला आणि मुलीचा.

“माझी पाहुणी,” तो म्हणाला.

काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावर पाहिलं. “अंकल, सिल्व्हर दिसतंय.”

“पॉइंट यायचेत अजून. तोक्योचे.”

“आलेत की. आज सकाळीच. साठ.”

“एकशेवीस.”

“या भाड्याला आता निम्मे मिळतात, अंकल. एक तारखेपासून. तुम्ही आत जाऊ शकता. त्या नाही.”

मागे एक बाई बॅग ओढत उभी होती. कदिरनं पास उचलले नाहीत. तेवढ्यात निरोशन पुढे झाला.

“बघा ना, माझं काही चालतं का.” त्यानं फोनवर काहीतरी शोधून दाखवलं. काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. “वेलकम सर. गोल्ड आहात. मॅडम तुमच्या पाहुण्या.”

“तीन वर्षं आहे म्हणे,” निरोशन संकोचून म्हणाला. “ऑफिस फिरवतं तसं फिरायचं. मी कधी बघितलंही नाही.”

कदिर यालिनीला म्हणाला, “बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही विचारलंत कधी, अप्पा?”

आत आम्ही खिडकीपाशी बसलो. निरोशननं सगळ्यांसाठी लाक्सा, म्हणजे झणझणीत रश्शातले नूडल्स, आणली. कदिरनं चमचा हातात धरला, खाल्लं नाही. यालिनी चहूकडे बघत होती. दिवे, बुटक्या खुर्च्या, झोपलेला एक जाडा माणूस.

“हे एवढंच असतं?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “माझ्या पदवीच्या दिवशी याच्यासाठी गेला होतात? आणि इतकं करून अजून सिल्व्हरच?”

“अगं, असू दे,” निरोशन म्हणाला.

“नाही, मला खरंच कळत नाहीये. एकदा, अप्पा, माझ्यासाठी एखादं तिकीट बदललं असतंत—”

“यालिनी,” मी म्हणालो, “तुला ठाऊक नाही, अठ्ठावीसला त्यानं—”

कदिरनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता आणि जड. तो माझ्याकडे बघत नव्हता; मुलीकडे बघत होता, एखादी वस्तू आवक-जावकच्या वहीत कुठल्या रकान्यात घालायची ते न सुचणाऱ्या कारकुनासारखा. मग त्यानं चमचा वाटीत ठेवला, कागदी रुमालानं बोटं पुसली, खुर्ची आत सरकवली. बॅग उचलली आणि काचेच्या दारातून बाहेर निघून गेला.