दोन तासांचं जेवण

आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा फ्रान्समध्ये असतो आणि सूनही तिकडचीच. कधीतरी नात कोरेगावला येईल, तेव्हा तिला हे घर परकं वाटू नये, म्हणून काका तिकडच्यांसारखं जेवायला शिकले. आधी नुसती कोशिंबीर, मग घेवड्याची आमटी-भाकरी, शेवटी दही. जेवण दोन तास चालायचं. भाकरी ताटात पालथी ठेवायची नाही, तिकडे ते अशुभ.

"आवं काका, आमच्यात भाकरी उलटली न्हाई तर करपती!" मी म्हणायचो.

"हस गड्या. तिकडं कटाळवान्या गोष्टीला म्हणत्यात, भाकरीबिगर दिवसावानी लांब. सूनबाईनं शिकवलंय."

परवा नात यायची होती. काकांनी मलाही बोलावलं. पाच पानं मांडलेली. मी अधाशासारखी कोशिंबीर संपवली आणि मगच विचारलं, "पाव्हणं कुठवर आलं?"

"न्हाई येत. सकाळी फोन आला. पोरगी म्हनती, तिथं जाऊन करू काय?"

मला गप्प बसता येत नाही. "दिवाळीला येतील की!"

"चार वर्सं झाली, तू ह्येच सांगतुयास."

खरंच होतं. दर वेळी तीच थाप मारून मी आरामात जेवून घरी जात होतो.

काकांनी आमटी, कोशिंबीर, दही सगळं एकाच ताटात ओतलं, त्यात भाकरी कुस्करली आणि मान खाली घालून भराभर जेवू लागले.

"सावकाश, काका," मी म्हणालो.