अध्यक्षांनंतर बोलायचं नसतं

आमच्या गावात सत्काराची रीत मोठी पक्की. अध्यक्ष शेवटी बोलतात आणि त्यांच्यानंतर कुणी तोंड उघडायचं नसतं, मग ते काहीही बरळोत. या रीतीनं साहेबरावांच्या पायाची दोन बोटं खाल्ली.

साहेबराव एसटीतले निवृत्त कंडक्टर, शुगरचे जुने पेशंट. त्यांची लेक समीक्षा नांदेडला संशोधन करते. काचेच्या बशीत रक्तातल्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर अँटिबायोटिक घालायचं आणि आतली गुणसूत्रं कुठं तुटतात ते पाहायचं. सोबत क जीवनसत्त्व घातलं की मोडतोड कमी होते, एवढंच तिला दिसलं. हे बशीतलं आहे, याच्यावरून कुणी औषध सोडू नये, असं तिनं गावानं तिचा सत्कार केला त्या दिवशी बजावूनही सांगितलं.

मग अध्यक्ष शंकरप्पा उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला! म्हणाले, आपल्या पोरीनं सिद्ध केलंय, अँटिबायोटिक म्हणजे विष, ते सोडा अन् लिंबू खा. टाळ्यांचा कडकडाट झाला. समीक्षा माइककडे निघाली, तर संयोजकांनी तिला खाली बसवलं. लगेच आभार, लगेच चहा. चहाच्या गर्दीत ती सांगत फिरली, पण ऐकतो कोण?

साहेबरावांच्या पायाला तेव्हा जखम होती. लेकीला त्यांनी ती कळू दिली नव्हती. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यांनी उशाखाली सारल्या आणि रोज लिंबू पिळून प्यायले, तेही लेकीचं नाव घेत, अभिमानानं. बोटं काळी पडली तेव्हा कुठं दवाखाना गाठला.

ऑपरेशननंतर समीक्षा त्यांच्यावर कडाडली. गोळ्या का सोडल्या?

"तुझाच शब्द पाळला की बाई," ते म्हणाले.

"तो माझा शब्द नव्हता, आबा."

मला म्हाताऱ्याचा राग येत नाही. राग येतो तो काही न ऐकता टाळ्या पिटणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

भीमजयंतीला पुन्हा तोच मंडप, तेच अध्यक्ष. त्यांचं भाषण संपताच समीक्षा उठली. संयोजक आडवे आले, अध्यक्षांनंतर बोलायची रीत नाही म्हणाले. तेव्हा पहिल्या रांगेतल्या साहेबरावांनी चप्पल काढली आणि पट्टी बांधलेला पाय उचलून स्टेजच्या कडेवर ठेवला, थेट शंकरप्पांच्या समोर.

"बोल बाई," ते म्हणाले. "आता ऐकतेत."